गस पोलाचेकची अब्रू

माझा उजवा पाय पाहुण्यांच्या खोलीच्या छतातून खाली लोंबत होता आणि उरलेला मी वर माळ्यावर होतो, तेव्हा नोरीन खालून म्हणाली, "मोजा उलटा घातलायस."

नवऱ्याचा पाय छतातून उगवला तर बायकोने आधी 'लागलं का रे' विचारावं की मोज्याबद्दल बोलावं, हा प्रश्न मी तिला एखाद्या निवांत वेळी विचारणार आहे. त्या वेळी विचारण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. एका हाताने मी तुळई धरली होती आणि दुसऱ्या हाताने छातीशी एक जुना कॉम्प्युटर. दोन्हींपैकी एक सोडला असता तर सुटलो असतो, पण तुळई सोडली तर मी पडलो असतो आणि कॉम्प्युटर सोडला तर सगळंच संपलं असतं.

"हलू नकोस," नोरीन म्हणाली आणि गेली. मला वाटलं शिडी आणायला गेली. ती शेजारच्या हार्लन प्रुइटला बोलवायला गेली होती.

हार्लन विजेच्या कंपनीतून निवृत्त झालेला आहे. वेनफील्ड गावात एखाद्याचा नळ ठिबकतोय, कुत्रा आजारी आहे किंवा जावई नीट वागत नाही असं नुसतं कानावर आलं तरी हा माणूस कमरेला पक्कड अडकवून हजर होतो. तो आला, छताखाली उभा राहिला आणि त्याने आधी माझ्या पायाचा फोटो काढला.

"हार्लन, अरे ओढ ना मला!"

"ओढतो की. पण पुरावा असावा माणसाकडे. विमेवाले फार पाजी असतात."

विमेवाल्यांचं मला माहीत नाही. दुपारच्या जेवणापर्यंत तो फोटो आमच्या वस्तीच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकत होता आणि वर लिहिलं होतं, 'ओळखा पाहू, पाय कुणाचा?' बहुतेकांनी मोज्यावरून ओळखला. एका बाईंनी मोज्याच्या भोकातून डोकावणारा अंगठा पाहून नखांच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. मी या गावच्या शाळांच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आयुष्यभर बनवली, दोन पिढ्या वेळेवर शाळेत पोचवल्या, आणि गावाने माझी आठवण ठेवली ती पायाच्या अंगठ्यावरून.

आता हा खटाटोप कशासाठी, तर गस पोलाचेकच्या अब्रूसाठी.

गस पोलाचेक हा माझा शॉर्टस्टॉप. म्हणजे बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून येईल तो चेंडू अडवणारा गडी. उंची, सात ठिपके. रंग, हिरवा. कारण गस हा 'बेंच बॉस' नावाच्या कॉम्प्युटरच्या खेळात राहत असे. हल्लीच्या खेळांत म्हणे खेळाडूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. आमच्या काळी घाम आम्हाला यायचा. पडद्यावर नुसते आकडे आणि ठिपके, 'चेंडू टाकला' असं अक्षरात लिहून यायचं आणि मग मशीन कुरकुर करत विचार करत बसायचं. पण त्या कुरकुरीत आम्ही जे मैदान पाहिलं, जे गवत पाहिलं, ते आजच्या पोरांना दाखवायला कुठलीच कंपनी यायची नाही. असं मी एकदा जेवणाच्या टेबलावर म्हणालो, तर नोरीन म्हणाली, "गवत पाहिलंस ना? मग आपलं अंगणातलं का नाही दिसलं?"

खेळ आम्ही दोघं खेळायचो. मी आणि नोरीनचा भाऊ ड्वेन डोनोह्यू. माझा संघ 'कॅटफिश', त्याचा 'थंडरबोल्ट्स'. अख्खा हिवाळा आमच्या तळघरात बसून आम्ही एक संपूर्ण हंगाम खेळलो आणि अंतिम मालिकेच्या शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या डावात पोचलो. रविवारची दुपार होती. मी एका धावेने पुढे. ड्वेनचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की खेळ खलास, आणि दोन गडी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर उभे. चेंडू गेला सरळ गसकडे. गसने त्या हंगामात एकही चेंडू सोडला नव्हता. मी खुर्चीतून उठून हात वर केले. आणि पडद्यावर आलं, 'ई ६'. बस्स. पुढे काही नाही. मशीन गप्प.

बेसबॉलच्या धावपत्रकात ई म्हणजे एरर, चूक. आणि सहा हा शॉर्टस्टॉपचा आकडा. "गसने चेंडू सोडला!" ड्वेन ओरडला. "दोन्ही गडी घरी! दोन धावा! मी जिंकलो!" मी म्हणालो, गसने काही सोडलेलं नाही, ही मशीनची एरर आहे, सहा नंबरची. मशीनला असे रोग होतात, त्यांना नंबर असतात. सामना स्थगित. तो म्हणाला, जिंकलो. मी म्हणालो, स्थगित. त्या गडबडीत नोरीन जिन्यावर उभी राहून "अरे, की! की!" असं काहीतरी म्हणत होती. ड्वेनची गाडी नेहमी तिच्या गाडीच्या मागे लावलेली असायची, म्हणून त्याने न बघता खिशातून गाडीची की काढून तिच्याकडे फेकली. ती क्षणभर त्या कीकडे बघत राहिली आणि निघून गेली. त्या दिवशी तिने त्याची गाडी कुठे नेऊन लावली कुणास ठाऊक, त्याला ती चर्चच्या मागे सापडली. मग ड्वेन विजयाचा नाच करायला उठला, त्याचा पाय वायरीत अडकला, मशीनला वीज देणारा तो विटेएवढा ठोकळा दाणकन जमिनीवर आपटला, जळका वास आला, आणि सगळं काळं झालं. ड्वेनने टीव्हीवरचा कप उचलला आणि चालू लागला.

त्या कपाबद्दलही सांगितलं पाहिजे. तो मुळात बोलिंगचा. कुणीतरी अंगणात मांडून विकायला काढलेल्या सामानातून आम्ही आणला होता. वरच्या सोनेरी माणसाच्या हातातला गोळा आम्ही कानशीने घासून काढला आणि तिथे बॅट म्हणून दात कोरायची काडी चिकटवली. त्यामुळे तो माणूस वाकून बॅटने जमीन झाडत असल्यासारखा दिसतो. हा कप पस्तीसेक वर्षं ड्वेनच्या दिवाणखान्यात आहे. दर थँक्सगिव्हिंगला मी टर्की खायला त्याच्याकडे जातो, कपाकडे पाठ करून बसतो, आणि गोड खाण्याच्या आत आमचं ई-सहावरून वाजतं. दुसऱ्या कुठल्याही विषयावर आम्ही बोलल्याचं मला आठवत नाही. त्याचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर येऊन माझ्याकडे पाहत तो पहिलं वाक्य म्हणाला, ते "सोडला त्याने" हे होतं.

आणि आता ड्वेन ॲरिझोनाला चालला होता. कायमचा. थंडी सोसत नाही म्हणे. नोरीनने बातमी आणली, "सामान बांधतोय. कप पहिल्याच खोक्यात घातलाय." शनिवारी दुपारी ट्रक निघणार होता. एकदा तो कप त्या वाळवंटात गेला की तिथली माणसं विचारणार, हा कसला कप? आणि ड्वेन सांगणार. आणि उलटून बोलायला मी तिथे नसणार! खेळाची डिस्क माझ्याकडे होती. हरणाऱ्याने वायर ओढून पळू नये म्हणून हा खेळ दर चेंडूनंतर स्वतःला डिस्कवर लिहून ठेवायचा. मशीन चालू झालं तर तो क्षण जसाच्या तसा पुन्हा समोर आला असता आणि दूध का दूध, पानी का पानी झालं असतं. म्हणून मी माळ्यावर चढलो.

छताला भोक पडलं ते मी रविवारी बुजवेन असं म्हणालो होतो. पण सोमवारी गावच्या बांधकाम खात्याचा माणूस दारात. त्याने तो पायाचा फोटो पाहिला होता. हार्लनच्या पुराव्याचा पहिला उपयोग तो हा.

"इतक्या जुन्या घराच्या छतात काय काय भरलेलं असतं मिस्टर ह्रुस्का, तुम्हाला कल्पना आहे? तपासणी झाल्याशिवाय भोक बुजवता येणार नाही."

"मग तोवर?"

"तोवर भोकाला हात लावायचा नाही."

"आणि पाय?"

तो हसला नाही. खात्यात हसणारी माणसं घेत नाहीत. मी स्वतः सरकारी शाळाखात्यात होतो, मला माहीत आहे. जाताना त्याने खोलीच्या दाराला पिवळी पट्टी लावली. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत खून झाल्यासारखा दिसू लागला.

इकडे वीज देणारा ठोकळा मी एका संग्राहकाकडून मागवला. तो वेळेत आला, एवढी एकच गोष्ट या प्रकरणात धड झाली. हार्लन म्हणाला, जुना ठोकळा एकदम गरम होतो, आधी एक रात्र डीप फ्रीजरमध्ये ठेव.

"कशाला?"

"सवय लागते त्याला."

विजेच्या कंपनीतला माणूस म्हणतोय तर खरं असेल, असं मला वाटलं. विजेच्या कंपनीत हा टेबलावर बसून बिलं पाठवायचा, हे मला नोरीनने नंतर सांगितलं. थंडगार ठोकळा मी सकाळी तळघरात बाहेर काढला, ओलाचिंब, आणि लावला. ठोकळ्याला काही झालं नाही. घराचा फ्यूज उडाला. तो मी लगेच बसवला, पण तळघराचा फ्यूज वेगळा आहे हे माझ्या लक्षात नव्हतं, आणि डीप फ्रीजर त्याच फ्यूजवर चालतो हेही नव्हतं, आणि त्यातल्या खोक्यांत चर्चच्या शुक्रवारच्या मेजवानीचे मासे नोरीनच्या भरवशावर ठेवले आहेत हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. ईस्टरच्या आधीचे ते शुक्रवार. अख्खं गाव चर्चच्या तळघरात तळलेले मासे खायला जमतं.

मासे बोलू लागले तेव्हा आम्हाला कळलं. त्या शुक्रवारी वेनफील्डच्या भाविकांनी मॅकरोनी आणि चीज खाल्लं. नोरीनने चर्चमध्ये कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवला नाही. घरी आल्यावर मात्र माझ्याकडे एकटक पाहिलं. छताची तपासणी करायला आलेला माणूस दारात आला, त्याने नाकाला रुमाल लावला आणि छत न बघताच परत गेला. ती तपासणी अजून व्हायची आहे.

आता मशीन तयार, ठोकळा तयार, डिस्क तयार. डिस्क हार्लन चष्म्याच्या फडक्याने पुसायला निघाला होता, ती मी झडप घालून वाचवली. राहिला टीव्ही. आमच्या भिंतीवरच्या टीव्हीला मी त्या मशीनची वायर दाखवली. त्याला ती घालायला जागाच नव्हती. पाठ चापटपोळी. जुना, ढेरीवाला टीव्ही हवा होता, आणि तसा टीव्ही आता गावात एकाच ठिकाणी, गावच्या भंगार-केंद्रात.

त्याच शुक्रवारी सकाळी मी तिथे गेलो. फाटकावर ट्वायला ऑस्ट्रँडर नावाची बाई असते. नारिंगी जाकीट आणि हातात नारिंगी चिकटपट्ट्यांचं रीळ. तिच्या मागे शेडमध्ये जुने टीव्ही रांगेने मांडलेले, आमच्याच पिढीतले, ढेऱ्या सुटलेले.

"त्यातला एक मला हवाय," मी म्हणालो.

ट्वायलाने डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. 'आत आलेली वस्तू बाहेर जाणार नाही.'

"अहो, पण फेकूनच द्यायचे आहेत ना?"

"फेकायचे आहेत. द्यायचे नाहीत."

"एका दिवसासाठी?"

"मिस्टर ह्रुस्का, गेल्या वर्षी एकाने एका दिवसासाठी टोस्टर नेला. त्याचं घर..." ती थांबली. "जाऊ द्या. तुमचा तो पाय कसा आहे?"

मी अपमान गिळला. मग माझ्या डोक्यात एक कल्पना चमकली. अशा कल्पना मला आयुष्यात फार थोड्या सुचल्या आणि सगळ्या महाग पडल्या. "टीव्ही बाहेर येत नसेल, तर मी माझं मशीन आत आणून इथेच लावलं तर?"

ट्वायलाने पाटी पुन्हा वाचली. "त्याला काही हरकत दिसत नाही. ऑफिसात माझ्या कॉफीच्या यंत्राला प्लग आहे. उद्या बारापर्यंत उघडं असतं."

मी ड्वेनला फोन केला. "उद्या सकाळी भंगार-केंद्रात ये. कप घेऊन ये."

"कप कशाला?"

"कारण परत जाताना तो माझ्या हातात असेल."

"बघू या," ड्वेन म्हणाला, "येतो मी. ट्रक बाराला निघायचाय, वाटेतच आहे. बायकोला सांगतो, माझ्या मेव्हण्याला शेवटचं रडताना बघायचंय."

शनिवारी मी, नोरीन आणि न बोलावता हार्लन असे तिघं निघालो. गाडी फाटकाच्या तोंडाशीच उभी केली, कारण मशीन जपून न्यायचं होतं. फाटकातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच ट्वायलाने रिळातून एक चिकटपट्टी टरकन फाडली आणि माझ्या कॉम्प्युटरवर थापली. 'गावाची मालमत्ता.'

"हे काय?"

"आत आलं ना."

"अहो, पण हे परत न्यायचंय मला!"

तिने पाटीकडे बोट केलं. नोरीन म्हणाली, "वेंडेल, तूच आणलंस आत." तेवढ्यात ड्वेन आला. ॲरिझोनाला शोभेल असा रंगीत शर्ट, थंडीने अंगावर काटा, आणि कप डोक्यावर धरलेला. "विजेता आला रे!" असं तो ओरडला आणि ट्वायलाने त्याच्या काखेखालून हात घालून सोनेरी माणसाच्या पाठीवर चिकटपट्टी मारली.

पस्तीस वर्षांत ड्वेनचा चेहरा मी प्रथमच तसा पाहिला. कप आता ना त्याचा होता, ना माझा. मला इतकं बरं वाटलं की माझं मशीन गेल्याचं दुःख मी विसरलो.

"ही चोरी आहे!" ड्वेन म्हणाला.

"चोरी बाहेर नेताना होते," ट्वायला म्हणाली. "कॉफी घेणार?"

शेडमधला एक टीव्ही ऑफिसात ओढून आणला आणि मशीन लावलं. टीव्ही लागला. डिस्क आत गेली, आणि ती कुरकुर सुरू झाली. काय सांगू, त्या आवाजाने माझे डोळे भरून आले. ड्वेनचेही भरले होते, पण त्याने थंडीवर ढकललं. हळूहळू हिरवे ठिपके उमटले. तोच डाव, दोन गडी बाद, दोन गडी बेसवर. आणि मधे उभा माझा गस, सात ठिपक्यांचा, जराही म्हातारा न झालेला. वर लिहिलेलं, 'ई ६'.

"बघ," ड्वेन म्हणाला.

"बघ काय? मशीन अडकलंय, हे दिसतंय ना?"

"सोडला त्याने."

"स्थगित!"

"अरे, खाली काय लिहिलंय?" नोरीन म्हणाली.

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. ती ओळ आम्ही कधीच पाहिली नव्हती, कारण आमच्या तळघरातल्या टीव्हीच्या खालच्या कडेवर ड्वेनने थंडरबोल्ट्सची पताका लावलेली असायची. काढली तर नशीब उतरेल म्हणून तिला कुणी हात लावायचा नाही, असा आमचा कडक नियम होता. ती ओळ अशी होती, 'निकालासाठी डिस्क उलटी घाला आणि कोणतीही की दाबा.'

हार्लनने चष्मा काढून पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"मी जिन्यावरून सांगितलं होतं," नोरीन म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, त्यामुळे जास्त लागला. "हीटरच्या पंख्याने ती पताका उडत होती. मला तिरकं दिसत होतं. मी ओरडून सांगितलं, की दाबा, की. तर याने मला गाडीची की फेकून मारली."

ड्वेन बुटांकडे पाहू लागला. मीही त्याच्याच बुटांकडे पाहिलं.

"मग नंतर का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तुम्ही दोघं मला म्हणालात, नोरीन, हे बेसबॉल आहे, तुला नाही कळायचं. म्हटलं, नसेल कळत."

दर थँक्सगिव्हिंगला ही बाई आमच्या मधे बसून शांतपणे बटाटे वाढत होती. पस्तीस वर्षं! मला तिच्या सहनशक्तीचं कौतुक वाटलं आणि थोडी भीतीही.

ड्वेनने डिस्क काढून उलटी घातली. मी की दाबली. मशीन बराच वेळ कुरकुरलं आणि मग एकेक ओळ उमटू लागली. 'पोलाचेकच्या हातून चेंडू सुटला.' ड्वेनने आरोळी ठोकली. गस, अरे गस! ज्याच्या अब्रूसाठी मी छताला भोक पाडलं, गावाचे मासे नासवले, त्याने खरंच सोडला होता. 'तिसऱ्या बेसवरचा गडी घरी. बरोबरी.' ड्वेन नाचायला उठला. या वेळी वायर मी हाताने बाजूला धरली. 'पोलाचेकने चेंडू उचलला. घराकडे फेकला. दुसऱ्या बेसवरून धावत आलेला गडी बाद.'

ड्वेनचा एक पाय हवेतच राहिला.

'सामना बरोबरीत. दहावा डाव. डिस्क पुन्हा सुलटी घाला आणि कोणतीही की दाबा.'

म्हणजे तोही जिंकला नव्हता आणि मीही नाही. बेसबॉलमध्ये बरोबरी नसते, कुणीतरी जिंकेपर्यंत खेळायचं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो आणि मला दिसलं की त्याच्या डोळ्यांत तेच आहे जे माझ्या डोळ्यांत आहे. आम्हाला पुन्हा खेळायचं होतं. आत्ता. इथे.

"तुझा ट्रक?" मी म्हणालो.

"थांबेल ट्रक. चल, दहावा डाव."

"चल."

"डिस्क मी उलटणार."

"का? मघाशी तूच उलटलीस."

"मघाशी तू की दाबलीस."

"म्हणजे आता मी उलटणार आणि तू दाबणार!"

"घरच्या मैदानाचा मान माझा आहे, वेंडेल!"

"हे भंगार-केंद्र आहे, घर कुणाचं रे इथे?"

"गावाचं," ट्वायला म्हणाली. बाहेर भोंगे वाजू लागले होते. भंगार न्यायला आलेली मोठी गाडी फाटकाबाहेर, तिच्या मागे ड्वेनचा ट्रक, त्यात ड्वेनची बायको भोंग्यावर कोपर ठेवून बसलेली. हार्लन सांगत होता की डिस्क उलटण्याआधी दोन मिनिटं गार होऊ द्यावी. ट्वायला बारा वाजल्याचं ओरडत होती. ड्वेनने माझं मनगट धरलेलं. आणि त्या सगळ्या कल्लोळात माझ्या पाठीमागून नोरीनचा आवाज आला, "वेंडेल, की! अरे, की!"

पस्तीस वर्षांपूर्वी मी तिचं ऐकलं नव्हतं. या वेळी मी ऐकलं. मनगट सोडवलं आणि हाताला लागली ती की जोरात दाबली.

डिस्क उलटीच होती. मशीनने एक आवाज काढला, तसा मी कधी ऐकला नव्हता. हिरवे ठिपके थरथरले, गस डावीकडून विरत गेला, मग मैदान, मग धावा. काळ्या पडद्यावर एकच शब्द उरला. 'एरर.' नंबरसुद्धा नव्हता. डिस्कवरचं सगळं पुसलं गेलं होतं.

मी वळून नोरीनकडे पाहिलं. तिचा हात पुढे पसरलेला होता.

"गाडीची की मागत होते मी," ती म्हणाली. "फाटकात उभी आहे आपली गाडी."

ट्वायलाने प्लग काढला आणि कॉफीचं यंत्र लावलं.

ड्वेन गेला. जाताना त्याने मला मिठी मारली, ती त्याने आधी कधी मारली नव्हती, आणि माझ्या कानात म्हणाला, "ही मात्र नक्की एरर होती. तुझी." कप ट्वायलाच्या ऑफिसात कॉफीच्या यंत्रावर आहे, पाठीवर चिकटपट्टी. कुणी विचारलं कोण जिंकलं, तर ती सांगते, गाव.

मला वाटलं होतं, आता वादच संपला, आता ड्वेनचा फोन कशाला येईल? दर रविवारी दुपारी येतो. तो वाजायच्या आधीपासून मी खुर्ची ओढून शेजारी बसलेला असतो, हे त्याला कळता कामा नये. दहाव्या डावात कोण जिंकलं असतं यावर आधी आमचं वाजतं. मग ती शेवटची चूक कुणाच्या नावावर मांडायची यावर. तो म्हणतो, वेंडेलच्या. मी म्हणतो, नोरीनच्या, कारण कुठली की ते नीट सांगायला नको का? पण हे मी दार लावून घेऊन म्हणतो, आणि अगदी हळू आवाजात.